ओळखून आहे

चादरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं ताईच्या. दोघी उलट्या बाजूंना पीळ देत होतो, मधोमध पाणी गळत होतं, आणि तेवढ्यात मागच्या दारातून काकू आत आल्या. कडी वाजवली नाही, हाक मारली नाही. ताईने त्यांना पाहिलं आणि तिच्या हातातलं टोक सुटलं. सगळा पीळ गर्रकन उलटा फिरला नि ओली चादर माझ्या पायांवर येऊन पडली.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. काकू म्हणजे आमच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवणाऱ्या काकांची बायको. एरवी काकू आल्या की उंबऱ्यातूनच "चहा टाक गं" म्हणतात. त्या दिवशी उभ्याच राहिल्या.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

ताई मातीतल्या चादरीकडे बघत राहिली.

"बोल की. काल तर एवढी बोलत होतीस."

"काकू, मी प्रार्थनाच केली हो..."

"मनात कर म्हटलं होतं तुला. मनात! तुझं मन काय माइकला जोडलेलं आहे?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. काकूंचा आवाज मुळातच बारीक, घसा धरल्यासारखा, आणि चिडल्या की तो आणखीनच आत जातो. आम्हाला शिव्या खायला पुढे वाकावं लागत होतं.

"सेक्रेटरींचा सकाळीच फोन आला," त्या म्हणाल्या. "रविवारी उपासनेनंतर कमिटी बसणार. पेटीचं काय करायचं ते ठरवायला. आणि ह्यांना यातलं काही माहीत नाही. हे घरी बसून रविवारची गीतं बसवतायत." मग पदराने तोंड पुसलं आणि जाता जाता वळल्या. "साक्ष द्यायला उभी राहतेस ना दर वेळी? माझा देव मला ओळखतो, माझा देव मला ओळखतो! खरं आहे बाई. तो तुला चांगला ओळखून आहे."

दार उघडंच टाकून गेल्या. चादर मातीने भरली होती. मी ती परत बादलीत टाकली. ताई तशीच उभी, हात पुढे धरून, जणू चादरीचं टोक अजून तिच्या हातात होतं.

काय झालं होतं ते सांगायचं तर ताईच्या मशीनपासून सुरुवात करायला हवी. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिचं शिलाई मशीन आहे. नवा कपडा ती शिवत नाही. चेन बदलणं, कंबर सैल करणं, पडद्याला दुमड घालणं, उशांचे अभ्रे, असली कामं. गिऱ्हाईक समोर उभं करून ती खाली बसते, ओठांत टाचण्या धरते आणि माप लावते. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला बोलता येत नाही, नुसतं "हं" म्हणता येतं. आणि गंमत अशी, की तोंडात टाचण्या असलेल्या बाईवर लोकांचा फार विश्वास बसतो. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या जावयाची नोकरी सुटली, कोणाला रात्री झोप येत नाही, सगळं त्या खिडकीखाली ऐकू येतं. ताई "हं" म्हणते.

मग बुधवार येतो, प्रार्थनासभा भरते आणि टाचण्या तोंडातून निघालेल्या असतात.

तिची प्रार्थना खोटी नसते, हे मला आधी सांगायला हवं. कोणी आजारी पडलं की ताई पहिली पोचते. उशाशी बसते, हात धरते, घाण काढायला लागली तरी नाक मुरडत नाही. लोक तिला मुद्दाम बोलावतात. पण चारचौघांत प्रार्थनेला उभी राहिली की तिची सुरुवात ठरलेली, "प्रभू, तुला माहीतच आहे की..." आणि त्या "की"च्या पुढे गावभरचं सगळं येतं. आमचे सासरे म्हणतात, "देवाला पेपर लावावा लागत नाही. आमच्या मोठ्या सूनबाईंची प्रार्थना पुरते त्याला."

काकांचं तसंच झालं. वर्षभर त्यांचे कान जात चालले होते. पायपेटी ते हाताच्या सवयीने वाजवत, पण कुठलं गीत सांगितलं, किती कडवी म्हणायची, कुठे थांबायचं, हे त्यांना ऐकू येत नव्हतं. काकू पहिल्या बाकावर बसून त्यांना खुणा करायच्या. पान उघडून समोर धरायच्या, कडव्यांची बोटं दाखवायच्या, शेवटी रुमाल नाकाशी न्यायच्या. काका सारखे त्यांच्याकडे बघायचे. लोक थट्टा करायचे, "काका, या वयातही काकूंवरून नजर हटत नाही बुवा!" दोघंही लाजल्यासारखं हसायची. पडद्याचं माप द्यायला आल्या तेव्हा काकूंनी हे सगळं ताईला सांगितलं आणि म्हणाल्या, प्रार्थना कर, पण मनातल्या मनात. ताईने टाचण्यांमधून "हं" म्हटलं.

आणि त्या बुधवारी भरलेल्या सभेत, "प्रभू, तुला माहीतच आहे, की आमचे काका किती वर्षं तुझी सेवा करत आले. आणि तुला हेही माहीतच आहे, प्रभू, की आता त्यांच्या कानांना ऐकू येत नाही, आणि काकू बिचाऱ्या बोटांनी खुणा करकरून..."

मी तिच्या शेजारीच होते. एक बाक करकरलं. पुढे बसलेल्या काकूंची पाठ ताठ झाली. ताई बोलतच होती, आवाज चढवून, रडवेली होऊन, आणि तिने "आमेन" म्हटल्यावर सगळ्यांच्या मागून, उशिरा, काकांचा भरघोस "आमेन!" आला. बाहेर पडताना त्यांनी ताईला मुद्दाम गाठलं. म्हणाले, "आज फार मनापासून केलीत प्रार्थना. छान!"

त्यातला एक शब्दही त्यांनी ऐकला नव्हता.

त्या दिवशी, म्हणजे काकू येऊन गेल्या त्या दुपारी, आम्ही जेवायला बसलो. आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना ताईच करते. ताटं वाढली, सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. काही ऐकूच येईना. सासऱ्यांनी एक डोळा उघडला.

"काय मोठ्या सूनबाई, आज वरची लाइन लागत नाही का?"

ताई ताटावरून उठली आणि बाहेरच्या खोलीत निघून गेली. सासऱ्यांचं तोंड उतरलं. "अन्नासाठी आभार. आमेन," एवढं म्हणून ते जेवले आणि पुन्हा काही बोलले नाहीत.

संध्याकाळी ती एक लांबलचक पडदा दुमडत होती, मी त्याचं दुसरं टोक धरून बसले होते. ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या.

"एक सांगू तुला? काल मी डोळा उघडून बघितलं."

"कधी?"

"कानांचं बोलल्यावर. सगळे कसे एकदम चिडीचूप झाले ना. पाळकसाहेबांच्या प्रवचनाला कोणी इतकं गप्प बसत नाही. म्हणून मी जरासा डोळा किलकिला केला." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मला बरं वाटलं गं. आतून बरं वाटलं. पुढचं मी त्या जोरावर बोलले."

मी म्हटलं, "अगं ताई, तुझा हेतू काही..."

"तू वकिली करू नकोस. हेतू कुठे होता ते तो बघत होता." तिने पडद्यावर हात फिरवला, उगाचच. "मी उभी राहून सांगायचे, माझा देव मला ओळखतो. कसं सांगायचे माहितीये? मोठ्या साहेबांशी ओळख असली की माणूस कचेरीत कसा ताठ मानेने शिरतो, तसं. आत आपलं कोणीतरी आहे. आणि तो तर आत बसून माझा उघडा डोळा बघत होता."

"ताई..."

"त्याला काकांचे कान माहीत होते. मग मी सांगत कोणाला होते?"

मी पडद्याचं टोक घट्ट धरून बसले.

"दुपारी हात जोडले," ती म्हणाली, "आणि वाटलं, हा मला बघतोय. सगळं बघतोय. त्याच्यासमोर 'अन्नाबद्दल आभार' म्हणायची पण लाज वाटली. कुठल्या तोंडाने म्हणू?"

आतल्या खोलीत सासरे कॉटवर पडले होते. आम्हाला वाटलं झोपलेत. तिथून आवाज आला, "त्याला काल काही नवीन कळलेलं नाही."

ताईने जीभ चावली. "बाबा, तुम्ही जागे आहात?"

"तुम्ही दोघी बोलत असताना कोण झोपेल? हे बघ मोठे, तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हापासून तो तुला ओळखून आहे. मीही बऱ्यापैकी आहे, पण त्याच्याइतका नाही. तरी ठेवून घेतलंच ना तुला त्याने? कळलंय ते तुला, आज पहिल्यांदा. म्हणून लाज वाटतेय. वाटू दे." मग खोकला आला, पाणी प्यायले. "पण त्याच्यासमोर लाजत बसणं सोपं आहे. त्याला सगळं माहीत आहे, सांगायची मेहनत नाही. पेटीवाल्याला माहीत नाही. रविवारी कमिटीकडून कळण्याआधी त्याला तुझ्याकडून कळू दे. तिकडे जा."

ताई लगेच गेली नाही. शुक्रवारभर मशीन चालवत बसली, न मागितलेली कामंसुद्धा करून टाकली. सासऱ्यांच्या जुन्या सदऱ्याची कॉलर उलटवली. शनिवारी दुपारनंतर म्हणाली, "तू येतेस?"

काकांचं घर तळमजल्यावर. खिडक्या सगळ्या मधल्या चौकात उघडतात, आणि चौकात त्या वेळी शेजारणी वाळलेले कपडे काढत असतात. दार काकूंनी उघडलं. या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

काका खुर्चीवर बसून मांडीवर बोटं चालवत होते, पेटी नसताना वाजवतात तशी. आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला. "या या! बसा. आज दोघी जावा एकदम?"

ताई अगदी हळू म्हणाली, "काका, मला तुमची क्षमा मागायची आहे."

"हो ना," काका म्हणाले. "फारच उकडतंय."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. चौकात कोणीतरी चिमटे डब्यात टाकत होतं, त्याचा टकटक आवाज येत होता. मी खिडकी लावायला उठले, तर काका म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, वारा येतो तेवढाच."

"काका, मी चुकले," ताई जरा मोठ्याने म्हणाली.

"चुकलात? घर? इतक्या वेळा तर आलात!" आणि स्वतःच हसले.

तेव्हा ताई उठली, त्यांच्या खुर्चीजवळ गेली आणि ओरडली. दुसरा मार्गच नव्हता. "तुमच्या कानांचं! मी सगळ्यांना सांगितलं! बुधवारी! प्रार्थनेत!"

चिमट्यांचा आवाज थांबला. वरच्या मजल्यावर रेडिओ लागला होता, तोही कोणीतरी बारीक केला. स्वयंपाकघरात काकू भांडी लावत होत्या, तिथेही शांतता झाली. जे मनात बोलायचं ते ताई चारचौघांत बोलली होती. आता त्याची माफीसुद्धा तिला चारचौघांत ओरडून मागावी लागत होती. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

काकांचं हसू तोंडावरच राहिलं, मग हळूहळू ओसरलं.

"बुधवारी?" ते म्हणाले. "मी तुम्हाला छान झाली म्हटलं, ती प्रार्थना?"

"हो!"

"मी आमेन म्हटलं."

"हो!"

"मोठ्याने म्हटलं."

तिने नुसती मान हलवली. काकांनी मांडीवरची बोटं मिटून घेतली.

"कमिटीला कळलं?"

"उद्या बसणार आहेत! उपासनेनंतर!"

"हळू बोला हो, लोक ऐकतायत." मग लगेच हात वर केला. "नको. हळू बोललात तर मला ऐकू येणार नाही."

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "मी देवालाही सांगितलं नव्हतं. रोज प्रार्थनेत सगळं मागायचो, गुडघे, डोळे, हिचा दमा. कान सोडून. वाटायचं, तोंडातून काढलं की खरं होईल. त्याला कळत असणारच म्हणा. पण तो गप्प बसला होता बघा. माझं मला सांगू दे, म्हणून थांबला होता. तुम्ही थांबला नाहीत."

ताई खाली बसली, माप घ्यायला बसते तशी, त्यांच्या पायांशी. "मला क्षमा करा!"

काका क्षमा केली म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. मग म्हणाले, "एक मात्र आहे. तुमचा शब्द न् शब्द ऐकू आला. किती दिवसांनी कोणाचं बोलणं असं सरळ ऐकू आलं. हिचं येत नाही. वर्ष झालं असेल, मी हिच्या ओठांकडे बघून नुसता अंदाज बांधतो."

काकू दारात उभ्या होत्या. हातात ओलं फडकं होतं. त्यांना पेटीचं माहीत होतं, खुणांचं माहीत होतं. हे माहीत नव्हतं. त्या काही बोलल्या, त्यांच्या त्या बारीक आवाजात, आणि काकांनी हसून "हो, हो" म्हटलं. मग काकूंनाच कळलं, की तो "हो, हो" कसला आहे.

आम्ही निघालो. चौकातल्या बायकांनी आम्हाला वाट करून दिली. कोणी विचारलं नाही काही. विचारण्यासारखं उरलंच नव्हतं.

रविवारी कमिटी बसायच्या आधी काकाच सेक्रेटरींकडे गेले आणि स्वतः सांगून आले. उपासनेला ते पेटीवर बसले नाहीत, काकूंच्या शेजारी येऊन बसले. पेटीवर खोळ तशीच होती. पहिलं गीत पाळकसाहेबांनीच उचललं, नको इतक्या वरच्या सुरात, आणि दुसऱ्या ओळीला सगळ्या मंडळीचा आवाज फाटला. कोणी वर, कोणी खाली, कोणी नुसतेच ओठ हलवतंय. काका गीताच्या पुस्तकावर बोट ठेवून नीट, शांतपणे गात होते. आपण सगळ्यांच्या मागे पडलोय हे त्यांना कळत नव्हतं. ताईने सबंध उपासनेत मान वर केली नाही.

बाहेर पायऱ्यांवर एक बाई तिला म्हणाली, "बरं झालं हो तुम्ही वाचा फोडलीत. नाहीतर आम्हाला कधी कळलंच नसतं. शाळेतल्या त्या बाई वाजवतील आता." असं कौतुक ताईने पूर्वी पर्समध्ये जपून घरी आणलं असतं. त्या दिवशी तिने हात जोडले. "नको हो," म्हणाली. "तसं नका म्हणू." आणि भरभर चालायला लागली.

घरी जेवताना सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. आपणच प्रार्थना केली. त्यांची प्रार्थनाही आता जरा लांबायला लागली आहे.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांनी सवयीने तिचंच नाव घेतलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. पण ती उठली, पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. सगळ्या माना खाली गेल्या. काका-काकू कोपऱ्यात बसले होते.

"प्रभू," ती म्हणाली.

मग काहीच नाही. लोक थांबले. तिचा श्वास ऐकू येत होता.

"तू मला ओळखून आहेस. मी इथे उभी राहून काय काय केलं ते तुला ठाऊक आहे. माझ्यावर दया कर. आमेन."

आणि बसली. माना तशाच खाली होत्या, लोक पुढचं ऐकायला थांबले होते. पुढे कोणाचं तरी यायला हवं होतं, कोणाचा आजार, कोणाचा मुलगा. काही आलं नाही. शेवटी पाळकसाहेबांनीच "आमेन" म्हटलं आणि लोक चुळबुळत सरळ झाले. सबंध वेळ ताईचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. हे मला कसं माहीत, ते कृपा करून विचारू नका.

सभा सुटल्यावर काकू फाटकापाशी उभ्या होत्या. काका जरा पुढे जाऊन थांबले होते.

"माझा राग गेलेला नाही," काकू म्हणाल्या.

"हो," ताई म्हणाली.

"इतक्यात जाईल असंही वाटत नाही. पण ह्यांना कानाच्या डॉक्टरांना दाखवायचंय. डॉक्टर काय विचारतात ते ह्यांना कोणीतरी कानाशी सांगायला हवं. माझ्या आवाजाचं तू ऐकलंसच."

"मी येते काकू."

"तूच जा. मी मध्ये बसून काय करू? फक्त डॉक्टर काय म्हणाले ते घरी येऊन मला सांगायचं. मला एकटीला."

"हो."

"तुझ्या सासऱ्यांना नाही."

"नाही."

"हिला पण नाही." माझ्याकडे बोट.

"नाही काकू."

काकूंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग मान हलवली आणि काकांचा हात धरून चालू लागल्या.

आज सकाळी ताईने मशीनवर कापड घातलं, गिऱ्हाइकाला परवा या म्हणून सांगितलं. कानाच्या दवाखान्यात आदल्या दिवशी जाऊन नंबर लावावा लागतो. ती आत्ता तिकडेच गेली आहे.